सुट्टीत मुलांना गुंतवून ठेवायचे कोणी?

लातूर शहरात राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि पतीचे हार्डवेअरचे दुकान आहे. मुलगी अकरा वर्षांची असून पाचवीची परीक्षा देऊन सहावीत जाणार आहे, तर मुलगा सात वर्षांचा आहे. परीक्षा संपल्यापासून दोघे दिवसभर घरात असतात आणि ‘बोअर होतंय’ हे एकच वाक्य त्यांच्या तोंडी असते. आई कामावर असताना दुपारभर मोबाइल किंवा टीव्ही सुरू राहतो आणि संध्याकाळी तो बंद केला की रडारड होते. मुलीला आतापासूनच फाउंडेशनच्या क्लासला घालावे आणि मुलाला एखाद्या शिबिरात पाठवावे, असे पतीचे म्हणणे आहे. शेजारची मुले स्केटिंग, अबॅकस आणि चित्रकला अशा तीन-तीन ठिकाणी जातात. सासरचे गाव बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात आहे. सासू-सासरे मुलांना पाठवा असा आग्रह करतात, पण तेथे पाणी टँकरचे, वीज बेभरवशाची आणि ‘मुलांनी करावे असे गावात काहीच नाही’, असे या बाईंना वाटते. ‘मला वेळ देता येत नाही, त्यांची सुट्टी माझ्यामुळे वाया चालली आहे, मी काय करू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्या अडचणींपेक्षा ते मला अधिक काळजीचे वाटले. मुलांची सुट्टी तुमच्यामुळे वाया चालली आहे, असे तुम्ही लिहिता. या वाक्यात मुलांचे वडील नाहीत, आजी-आजोबा नाहीत, शेजारपाजार नाही आणि स्वतः मुलेही नाहीत. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुलांचा प्रत्येक तास कशाने तरी भरून काढणे हे आईचे काम आहे, असे तुम्ही मनाशी ठरवून टाकले आहे आणि नोकरीमुळे ते जमत नाही म्हणून स्वतःला दोषी ठरवले आहे. हे काम मुळात आईचे आहे का, याचा आधी विचार करू या.

आपल्या आयांनी आपल्याला उन्हाळ्यात कधी खेळवत बसल्याचे मला आठवत नाही आणि तुम्हालाही आठवत नसेल. त्यांना तेवढी सवडच नव्हती. एप्रिल-मे म्हणजे पाणी भरणे, वाळवणे, मसाला, लग्नसराई आणि पाहुणेरावळे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण त्याच काळात कितीतरी मुले सुट्टीभर गुरांमागे असत आणि कितीतरी मुलींची शाळा सुट्टीनंतर पुन्हा सुरूच होत नसे. तरीही त्या उन्हाळ्यांत दोन गोष्टी होत्या, ज्या तुमच्या मुलांच्या उन्हाळ्यात मला दिसत नाहीत. एक म्हणजे आपल्या वयाच्या चार-सहा मुलांची सोबत आणि दुसरी म्हणजे घराला खरोखरच हवे असलेले एखादे काम, जे आपण केले नाही तर कोणाचे तरी अडेल असे काम. या दोन गोष्टी आल्या की मोबाइलचा प्रश्न निम्म्याने हलका होतो, असे माझे मत आहे. उरलेला निम्मा प्रश्न आपल्याकडच्या दुपारच्या उन्हाचा आहे आणि त्याचीही सोय लावता येते.

‘बोअर होतंय’ या तक्रारीकडे मात्र दोन प्रकारे पाहावे लागेल. खेळायला मोकळीक आहे, हाताशी वस्तू आहेत, कोणीतरी बरोबर आहे आणि तरीही मूल कंटाळले असेल, तर त्या कंटाळ्यावर आपण धावून जाऊन उपाय करू नये. अर्धा तास कुरकुर करून झाली की मूल स्वतःच काहीतरी सुरू करते. त्याच्या नजरेसमोर दोरी, खडू, पुठ्ठे, चिंचोके, बंद पडलेले घड्याळ आणि एक पेचकस असला म्हणजे पुरे. पण बंद दारामागे दोन भावंडे सलग सहा-सात तास एकटी असतील आणि त्यांपैकी एक दुसऱ्याला सांभाळत असेल, तर तो कंटाळा नव्हे, एकटेपणा आहे. तुमच्या पत्रावरून मला हाच प्रकार अधिक वाटतो. तुम्ही पतसंस्थेत आणि पती दुकानात असताना घरात मोठे माणूस कोण असते, याचा पत्रात उल्लेख नाही. कोणीच नसेल, तर शिबिर की गाव हा निर्णय करण्याआधी ते बदलावे लागेल.

येथे मुलीविषयी थोडे स्पष्ट बोलते. अकरा वर्षांची मुलगी समजूतदार असते, म्हणून आपण तिच्यावर धाकट्या भावाला जेवायला वाढणे, त्याला रडू न देणे, दार न उघडणे, दूध तापवणे अशा जबाबदाऱ्या नकळत टाकत जातो. तिलाही सुट्टी आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही. घरातील काम तिने जरूर करावे, पण तितकेच काम सात वर्षांच्या भावानेही त्याच्या ताकदीप्रमाणे करावे. पाण्याच्या बाटल्या भरणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ताटे मांडणे ही कामे त्याला येतात. आपल्याकडे सकाळच्या नाश्त्याला होणारी सुशीला ही दोघांनी मिळून करायला शिकावी असा उत्तम पदार्थ आहे. चुरमुरे भिजवणे, पिळणे, डाळव्याचा कूट पेरणे हे धाकट्याने करावे आणि फोडणी मुलीने तुमच्या देखत घालावी. आठवड्यातील दोन दिवस नाश्ता मुलांकडे असे ठरवा आणि पदार्थ बिघडला तरी तोच खा.

दुपारच्या सोबतीसाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटणारी वाट म्हणजे शेजारची चार घरे. तुमच्या गल्लीत किंवा अपार्टमेंटमध्ये याच अडचणीत असलेल्या आणखी दोन-तीन आया नक्कीच असतील. प्रत्येक घराने आठवड्यातील एक दुपार घ्यावी, त्या दिवशी सगळी मुले त्या घरी जमावीत आणि त्या घरातील मोठे माणूस, मग ती आजी असो, मावशी असो की सुट्टी घेतलेले वडील असोत, केवळ घरात हजर असावे. मुलांना खेळवायचे नाही, फक्त लक्ष ठेवायचे, पाणी द्यायचे आणि भांडण हातघाईवर आले तर मध्ये पडायचे. तुमची पाळी शनिवार-रविवारी येऊ शकते. दुपारी घरी असणाऱ्या बाईंवर सगळा भार पडू नये, म्हणून खाऊचे सामान सर्वांनी आणावे आणि हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. न बोलता गृहीत धरलेल्या मदतीमुळे शेजाऱ्यांची मने लवकर दुखावतात.

दिवसाची आखणी घड्याळापेक्षा उन्हावर करा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत जाणे नेहमीचे आहे, त्यामुळे दुपारी बारा ते चार मुलांना बाहेर जाऊ द्यायचे नाही, यात तडजोड नको. पण सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ जवळजवळ सगळी घरे झोपेत घालवतात आणि मग मुले दिवसभर कोंडली जातात. मुलांना रात्री वेळेवर झोपवून पहाटे उठवले आणि या चार घरांतील वडिलांपैकी कोणी मैदानावर नेले, तर लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, सायकल असे धावपळीचे सगळे खेळ ऊन चढण्याआधी होऊन जातात. जे मूल सकाळी दोन तास पळाले आहे, ते दुपारी शांतपणे बसू शकते. ज्याची सकाळ झोपेत गेली, ते दुपारी मोबाइल मागणारच.

दुपारचे बैठे खेळ आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. चल्लस-आठचा पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर काढता येतो. चार चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करायची, चारही एकाच रंगाचे पडले की मोठे दान, आणि सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, बटणे किंवा तुमच्या दुकानातील नट चालतील. सागरगोट्यांनी हात आणि डोळे दोन्ही तयार होतात आणि तो केवळ मुलींचा खेळ आहे असे मुलाला कोणी सांगू नये. वाघ-बकरीत तर अकरा वर्षांच्या मुलीला पुरेल एवढे डावपेच आहेत. हे खेळ तुम्हाला येत नसतील तर सासूबाईंना फोन करून नियम विचारा. नियमांवरून घरोघरी वाद असतात आणि तो वादही मुलांना आवडतो.

वाचनासाठी आपल्या भागातील शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व मुलांच्या हाताने घ्या. पुस्तक स्वतः निवडण्याची, ते न आवडल्यास दुसऱ्या दिवशी परत करण्याची मुभा मुलांना असू द्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तुमच्या लहानपणीचा एखादा अंक शोधून मुलीबरोबर वाचा.

मोबाइल हिसकावून घेतल्याने रडारड होते, कारण तो कधी मिळेल आणि कधी जाईल हे मुलांच्या दृष्टीने रोज वेगळे असते. वेळ ठरवून द्या, ती दुपारच्या मध्यावर ठेवा, म्हणजे तोपर्यंत आणि त्यानंतर दुसरे काही करावेच लागेल, आणि ठरलेली वेळ संपण्याआधी मोबाइल काढून घेऊ नका. शिक्षा म्हणून तो बंद आणि बक्षीस म्हणून तो सुरू, असे केले की त्याचे मोल अकारण वाढते. चार्जर बैठकीच्या खोलीत राहू द्या. जेवताना कोणाच्याच हातात मोबाइल नसेल, हा नियम तुमच्या पतीलाही लागू करा. दुकानाचे फोन जेवणाच्या वीस मिनिटांत थांबू शकतात.

आता फाउंडेशनच्या क्लासविषयी. लातूरमध्ये राहून हा प्रश्न पडणे साहजिक आहे. दहावी-बारावीच्या निकालांनी लातूर पॅटर्नला नाव मिळवून दिले, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रभरातून मुले येथे येऊन खोल्या घेऊन राहतात आणि तुमच्या पतीच्या दुकानासमोरून रोज ती दप्तरे जाताना दिसत असतील. त्यांची चिंता मी हलक्यात घेत नाही. पण त्या मुलांची तयारी अकरावीत सुरू होते, आणि सहावीत जाणाऱ्या मुलीला मे महिन्याच्या उन्हात क्लासला बसवून तिचे नेमके काय पुढे जाईल, हे क्लासच्या जाहिरातीत सांगितलेले नसते. पाचवीपर्यंतचे अपूर्णांक, भागाकार आणि उताऱ्याचे आकलन यांत ती कच्ची असेल, तर घरी रोज सकाळी अर्धा तास पुरेसा आहे. पक्की असेल, तर या वर्षी तिला क्लासची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलीला दहावीनंतर सलग दोन वर्षे खुर्चीत बसून अभ्यास करायचा आहे, तिला आत्ता धावू द्यावे, वाचू द्यावे आणि माणसांत मिसळू द्यावे.

शिबिर वाईट नसते. नोकरी करणाऱ्या आईसाठी सकाळचे दोन-तीन तास खात्रीच्या ठिकाणी जात असतील, तर तो मोठा आधार असतो. फक्त दहा दिवसांत पंधरा कला शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या शिबिरापेक्षा एकच गोष्ट नीट शिकवणारे शिबिर निवडा. पैसे भरण्यापूर्वी एकदा चालू शिबिर जाऊन पाहा. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, मुले साडेनऊच्या आत सावलीत येतात का आणि पोहण्याचा तलाव असेल तर जीवरक्षक काठावर उभा असतो की कार्यालयात बसलेला असतो, हे डोळ्यांनी पाहा. दोन आठवड्यांचे एक शिबिर पुरे. शेजारची मुले तीन ठिकाणी जातात म्हणून तुमच्या मुलांनीही जावे, याला काही आधार नाही.

गावाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण गावात मुलांनी करण्यासारखे काही नाही, हे तुमचे गृहीत मला पटत नाही. बालाघाटच्या गावांमधून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे एप्रिलच्या सुमारास घरी परततात. त्यांची मुले सहा-सात महिन्यांनी आपल्या गावात आलेली असतात, त्यांनाही सोबती हवे असतात. सांगली-कोल्हापूरकडचे, कर्नाटकातले कारखाने, फडातील राहुट्या आणि पहाटेच्या थंडीतले बैलगाड्यांचे ताफे त्या मुलांनी पाहिलेले आहेत. तुमची मुले त्यांच्यापेक्षा वरचढ नाहीत आणि त्यांना काही शिकवायला चाललेली नाहीत, हे जाण्यापूर्वीच घरात बोलून घ्या. ती दोस्ती जमली, तर सुट्टीतील सोबतीचा प्रश्न तेथेच मिटेल.

घर जुने माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे असेल तर दुपारची काळजी शहरापेक्षा कमी, कारण जाड भिंती आणि वरची पांढरी माती यांमुळे आत गारवा राहतो. पत्र्याचे असेल तर मुलांनी दुपारी झाडाखाली, देवळात किंवा एखाद्या जुन्या वाड्यात बसण्याची सोय आजोबांना आधीच विचारून ठेवा. वीज गेली की शहरात मुले सैरभैर होतात, पण गावात सगळेच बाहेर येऊन बसतात. रात्री अंगणात किंवा घराच्या धाब्यावर झोपताना नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंचावर दिसतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती आणि आणखी पुढे चित्रा सापडते, आणि दहानंतर आग्नेयेकडे वृश्चिक राशीतली लालसर ज्येष्ठा वर येते. शहराच्या दिव्यांत हे एवढे स्पष्ट दिसत नाही.

मे महिन्यातच आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. लातूरला तो साधारण १३ मे रोजी असतो, बीड जिल्ह्यातील तुमच्या गावी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, आणि छत्रपती संभाजीनगरला १९-२० तारखेच्या आसपास. वेळ दुपारी सव्वाबारा ते साडेबारा. मुलांनी गावी एक पाइप अंगणात ओळंब्याने सरळ उभा करावा, वडिलांनी लातूरला दुकानासमोर तसाच दुसरा उभा करावा आणि ठरलेल्या वेळी दोन्हीकडून सावलीचे छायाचित्र एकमेकांना पाठवावे. दुपारी बाहेर न जाण्याच्या नियमाला एवढ्यापुरती सूट, पण टोपी घालून पाच मिनिटांत आत यायचे. आठवडाभर रोज केले तर सावली कोणत्या बाजूला आणि किती सरकते हे मुलीच्या वहीत येईल, आणि सहावीचा भूगोल तिला परका वाटणार नाही.

घराला खरोखर हवे असलेले काम गावात जितके मिळते तितके शहरात मिळत नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून त्याचे पाणी रोज बदलावे लागते, तेव्हा ते पाणी बदलण्याची आठवण ठेवणे मुलीकडे द्या. चीक शिजतो त्या पहाटे मुले न सांगता उठतील, कारण गरम चीक खायला मिळतो, आणि वाळत घातलेल्या कुरडया-खारोड्यांवरून कावळे-चिमण्या हाकलणे हे धाकट्याचे मानाचे काम होईल. मेअखेरीपासून लिंबाखाली निंबोळ्या पडू लागतात. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून आजोबांना दिल्या तर पावसाळ्यात फवारणीच्या अर्कासाठी त्या कामी येतात. पाच किलो निंबोळ्यांच्या भरड चुऱ्यापासून शंभर लिटर पाण्याचा पाच टक्के अर्क होतो, हा हिशेब मुलीकडूनच मांडून घ्या. आजोबांनी निंबोळ्यांचे पैसे मोजून द्यावेत, असे मी सुचवेन.

टँकरच्या पाण्याची तुम्हाला लाज वा भीती वाटू नये. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नळ सोडला की पाणी येते असे मानणाऱ्या मुलांनी अडीच-तीन आठवडे घागरीने पाणी मोजावे, अंघोळीचे पाणी झाडांच्या आळ्यात सोडावे, हे शिक्षण कोणत्याही शिबिरात मिळत नाही. मात्र पिण्याचे पाणी गाळून आणि उकळून द्यावे, हा आग्रह सासूबाईंकडे नम्रपणे धरा.

आजी-आजोबांची आठवण हा या सुट्टीतील सर्वांत मोठा ठेवा आहे. त्यांनी पासष्टी-सत्तरी ओलांडली असेल तर १९७२ चा दुष्काळ त्यांनी जाणत्या वयात भोगला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणे, तेथे खायला मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी आणि त्या कामांतून उभे राहिलेले पाझर तलाव, यांविषयी मुलांनी प्रश्न विचारावेत आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. मोबाइल नेहमी शत्रूच असतो असे नाही, त्याच्याकडून हे काम घेता येते. गावाजवळ त्या काळातला पाझर तलाव असेल तर आजोबांनी सकाळी मुलांना तेथे न्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाटही त्यांना आठवत असेल. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मुलीने त्या वहीत उतरवून घ्याव्यात. अशा ओव्या फार थोड्या घरांत उरल्या आहेत आणि त्या लिहून घेणारे कोणी नसेल तर त्या आजीबरोबरच जातील, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गावी पाठवताना धोक्यांबाबत मात्र पूर्ण सावध राहा. कठडा नसलेल्या विहिरी आणि प्लास्टिकचे अस्तर असलेली शेततळी ही उन्हाळ्यात मुलांच्या जिवावर उठतात. शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही, म्हणून मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय तेथे फिरकायचे नाही, हे मुलांना धाकाने नव्हे, प्रत्यक्ष जागा दाखवून समजावा. शेततळ्यात गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवायला सासऱ्यांना सांगा. वळवाचे वारे सुटले की झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात यायचे. वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे, ते घरातील फोनवर घ्या. चप्पल झटकून घालायची, रात्री बॅटरीशिवाय अंधारात जायचे नाही, विंचू चावला तर वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. उन्हाने मुलाचे अंग तापले, ग्लानी आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सावलीत आणून ओल्या कापडाने अंग पुसत १०८ क्रमांकावर फोन करायचा. तो क्रमांक दोन्ही मुलांना पाठ असावा.

आणखी एक गोष्ट, जी सुना सहसा विचारत नाहीत. सासूबाईंना हे झेपेल का? आग्रह करणे वेगळे आणि दोन मुलांचे तीन वेळचे जेवण, पाणी, कपडे पाहणे वेगळे. त्यांच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची चौकशी करा, किराणा आणि गॅसचा खर्च न मागता पाठवा, आणि पूर्ण सुट्टीऐवजी अडीच-तीन आठवडे ठरवा. पहिले दोन दिवस पती-पत्नींपैकी एकाने तेथे राहावे आणि दर आठवड्याला एकाने जाऊन यावे. जाताना किंवा येताना अंबाजोगाईला अर्धा दिवस थांबा. योगेश्वरीचे मंदिर, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी लेणी एकाच गावात आहेत, आणि संत दासोपंतांची भल्या मोठ्या कापडावर लिहिलेली पासोडीही याच गावची आहे.

ज्या वाचकांना असे गाव नाही, किंवा जेथे आता कोणी राहत नाही, त्यांनी जवळच्या एका ठिकाणाची सकाळ आठवड्यातून एकदा काढावी. नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार, परंडा हे किल्ले आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय मराठवाड्यातील बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवा, आणि मे महिन्यात देवगिरीच्या पायऱ्या सकाळी लवकरच चढा.

शेवटी तुमच्या पतीविषयी. मुलांच्या सुट्टीचा निर्णय ते क्लास आणि शिबिर या दोन शब्दांत उरकत आहेत, आणि त्यांच्याजवळ तर मुलांना खिळवून ठेवेल अशी जागा आहे. सकाळी दुकान उघडल्यावर एक तास दोन्ही मुले तेथे बसू शकतात. धाकटा खिळे आणि नट-बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करील, मोठी बिल लिहील, उरलेले पैसे मोजून देईल आणि गिऱ्हाइकांशी बोलायला शिकेल. फक्त सिमेंट, रंग, ॲसिड आणि धारदार हत्यारे यांच्यापासून मुलांना लांब बसवावे लागेल. आठवड्यातील एक पहाट मैदानाची आणि दुकानाच्या सुट्टीचा एक दिवस पूर्णपणे मुलांचा, एवढे त्यांनी घ्यावे. त्या दिवशी तुम्ही घरी थांबा, झोपा, किंवा तुम्हाला हवे ते करा. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या आणि कोणता वार घेणार, हे त्यांनाच ठरवू द्या.